दर सोमवारी नवीन पाणी

आता आमच्या भागात ज्याची रस्त्याला लागून दहा गुंठे जमीन आहे आणि बोअरला बरं पाणी आहे, त्या प्रत्येकाला स्विमिंग टँक काढायचा असतो. मंगल कार्यालयं झाली, ढाबे झाले, आता टँक. वारंगा फाट्यावर चहाला थांबलो की कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसतो. "तुमी टँक चालवला होता म्हणे. कसा हाय धंदा?" मग मी सांगतो. फिल्टरमध्ये वाळू कोणती भरायची, क्लोरीन पावडर कुठून आणायची, होळी ते मृग एवढ्याच दिवसांत वर्षाची कमाई कशी उरकायची, सगळं सांगतो आणि फुकट सांगतो. या धंद्यात पाणी सांभाळणं सोपं, पाण्यात उतरणारी माणसं सांभाळणं अवघड, हेही सांगतो. ते हसतात. त्यांना वाटतं, गुटखा खाऊन पाण्यात थुंकणाऱ्यांबद्दल बोलतोय.

मी कशाबद्दल बोलतोय ते एकदा लिहून टाकतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. कोणाची लाज राखायची म्हणून नव्हे. यात सगळ्यात जास्त लाज माझीच जाणार आहे.

मी दहा वर्षं पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या टँकवर काम केलं. आधी जाळीने पानं काढायचो, मग तळाच्या फरश्यांना ब्रश मारायला लागलो, आणि शेवटची पाच वर्षं फिल्टरची खोली माझ्या ताब्यात होती. सकाळी पाण्याकडे नुसतं बघून मला कळायचं, आज याचं पोट बिघडलंय. फुशारकी म्हणून नाही सांगत. माझ्या बापाला पोहता येत नव्हतं, आणि पुण्याला जाईपर्यंत मलाही येत नव्हतं. आमच्या बौद्ध वस्तीला विहीर नव्हती, हातपंप होता, आणि हातपंपात पोहायची सोय नसते. गावातल्या विहिरींत गावातली पोरं कमरेला डबे बांधून धबाधब उड्या मारायची. आम्ही लांब बांधावर बसून कोण किती वेळ पाण्याखाली राहतो ते मोजायचो. आम्हाला कधी कोणी हाकललं नाही. हाकलायची वेळ आम्हीच येऊ दिली नाही.

म्हणून मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं होतं की ही पोहायला शिकेल, आणि तेही दुसऱ्याच्या दारात उभी राहून नाही. आपल्या टँकमध्ये शिकेल. टँकवाल्याची पोरगी म्हणून. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी तिला चालू तर द्या." पण मी मनात धरून ठेवलं. पुढची सगळी वर्षं पुण्यात जे चार पैसे मागे टाकले ते याच एका गोष्टीसाठी.

गावी परतल्यावर भागीदार सहज मिळाला. हिंगोलीला आयटीआयला आम्ही दोघं एका बाकावर होतो. त्याची जमीन रस्त्याला लागून, त्याचं बोअर, गावात त्याच्या घराला मान. माझ्याकडे साठवलेले पैसे आणि हातातली विद्या. माणूस मनाने मोकळा होता, अजूनही असेल. माझ्या घरी जेवायचा, माझ्या पोरीला कडेवर घेऊन फिरायचा, आणि आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करायचो. खड्डा खणायला सुरुवात झाली तेव्हा नारळ त्याने माझ्या हातात दिला. "तू फोड. टँक तुझ्या डोक्यातला हाय." मी फोडला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता, एवढं मात्र मला अजून कबूल करावं लागतं.

साठ फूट लांब, तीस फूट रुंद, एका टोकाला तीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच. निळ्या फरश्या. पहिल्या सीझनला लोकांनी आमचा घाम काढला. लुंगी नेसून उतरायचे, जीन्स घालून उतरायचे. सुती कपड्याचा पिंजलेला कापूस फिल्टरमध्ये जाऊन बसायचा आणि मी रोज तासभर उलट्या बाजूने पाणी सोडून फिल्टर धुवायचो. मग नायलॉनच्या चड्ड्या भाड्याने ठेवल्या. डोक्याला तेल थापून यायचे. आधी शॉवर घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आंघोळच तर करायला आलो, अजून काहून आंघोळ?" जवळा बाजारच्या आठवडी बाजारात उभं राहून मी स्वतः पत्रकं वाटली. एका म्हाताऱ्याने पत्रक उलटसुलट पाहून विचारलं, पैसे देऊन भिजायचं का? मी व्हय म्हणालो. त्याने पत्रकात शेंगदाणे बांधून घेतले.

तरी पहिला सीझन पार पडला, आणि पार पडला तो माझ्या पाण्याच्या जोरावर. होळीनंतर एकदा टँक भरला तो मृगापर्यंत तेच पाणी. सव्वादोन लाख लिटर पाणी, आणि तळाचा एक पैसा दिसेल असं नितळ. आमच्याकडे टँकरच्या मागे बाया घागरी घेऊन पळतात त्या दिवसांत असं पाणी सांभाळणं हीच या धंद्याची खरी कमाई. ज्याला पाणी राखता आलं तो टिकला. ज्याला नाही आलं त्याच्या टँकमध्ये जुलैत बेडकं. मी भागीदाराला पुन्हा पुन्हा सांगायचो की चांगला टँकवाला पाणी बदलत नाही, पाणी जपतो. तो चारचौघांत माझं हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगायचा. मला बरं वाटायचं.

त्या वर्षी पासवाले तयार झाले. पासवाले म्हणजे महिन्याचे पैसे एकदम भरणारी तालुक्याची घरं. दुकानदार, नोकरदार, दोन डॉक्टरांची कुटुंबं. आणि एक सर होते, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गुडघ्यांसाठी पोहायला यायचे. माझ्याशी आदराने बोलणारे पासवाल्यांत ते एकटेच. बाकीच्यांना मी भागीदार आहे हे माहीतच नव्हतं. गल्ल्यावर मालक बसलेला, मी हातात ब्रश घेऊन पाण्यात. त्यांनी जे ओळखायचं ते ओळखलं, आणि मीही दुरुस्त केलं नाही. धंद्यात पुढं कोणी बसायचं आणि मागं कोणी, हे आमच्याकडे बोलून ठरत नाही.

दुसऱ्या सीझनला मी रविवारची बॅच काढली. सकाळी सात ते नऊ, आमच्या वस्तीतली लेकरं, नावापुरती फी. भागीदाराला विचारलं तर त्याने क्षणाचाही विचार केला नाही. "घे की. लेकरंच हायेत." एकोणीस लेकरं आली, त्यांत माझी पोरगी. ती तेव्हा अकरा वर्षांची. पहिल्या रविवारी कठडा सोडेना. तिसऱ्या रविवारी रुंदी पार केली. मग म्हणाली, "पप्पा, मला लांबीनं जायचं हाय." लांबीने म्हणजे साठ फूट, आणि शेवटच्या वीस फुटांत पाणी खोल. मी म्हटलं शाळा उघडायच्या आत जाशील. घरी चटईवर पालथी पडून ती पाय मारायची आणि तिची आई तिच्यावरून उडी मारून चुलीकडे जायची.

बॅच सुरू झाली त्याच आठवड्यात भागीदाराने नवीन काढलं. रविवारी सांजच्याला टँक रिकामा करायचा. सोमवारी बंद ठेवून भरायचा. मंगळवारी पासवाले नव्या पाण्यात.

मी उडालोच. "काहून? पाणी तर आरशासारखं हाय."

"भुईमुगाला पाण्याची पाळी द्यायची हाय," तो म्हणाला. "बोअर एक हाय. आधी पाणी टँकात घालू, आठ दिवस वापरू, मग वावरात सोडू. एका पाण्यात दोन कामं. तुझं क्लोरीन तुझ्यापाशी, माझा भुईमूग वाळून राहिला."

आणि मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी खूश झालो. शेतकऱ्याचं डोकं बघा, म्हटलं. टँकच्या खालच्या अंगाला त्याचं उन्हाळी भुईमुगाचं वावर होतंच. दर आठ दिवसांनी पाळी लागते हे मलाही माहीत होतं. दर रविवारी दुपारी रस्त्यावरची येणारी-जाणारी गर्दी व्हायची, गाड्या थांबवून लोक उतरायचे, त्यात कोण कुठला कोणी विचारत नव्हतं. सहाला गर्दी संपली की मी खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडायचो आणि पाणी सऱ्यांतून धावत जाताना उभा राहून बघायचो. जवळा बाजारला दोघा-तिघांना ही युक्ती मी कौतुकाने सांगितली सुद्धा.

मग तो म्हणाला, बोर्ड लाव. लोकांना कळू दे. माझं अक्षर चांगलं आहे. पत्र्याला पांढरा रंग देऊन, निळ्या ऑइलपेंटने मी मोठ्या अक्षरात लिहिलं: दर सोमवारी नवीन पाणी. खाली एक लाटेची रेघ काढली. गेटवर, रस्त्यावरून दिसेल असा तारेने आवळून बांधला. पास वाढले.

पण एक गोष्ट मला छळायची. पासवाले मंगळवारी यायचे आणि आत पाऊल टाकायच्या आधी विचारायचे, "पाणी बदललं ना?" बोर्ड समोर असताना विचारायचे. मला वाटायचं, अडाणी आहेत बिचारे. त्यांना वाटतं पाणी जुनं झालं की नासतं. मग मी माझी तपासणीची डबी काढायचो. दोन काचेच्या नळ्या, त्यात टँकचं पाणी, एकीत थेंब टाकला की पिवळं होतं, दुसरीत टाकला की गुलाबी. पिवळ्यावरून क्लोरीन कळतं, गुलाबीवरून आम्लता. मी प्रत्येकाला उन्हात नळ्या धरून दाखवायचो. बघा, जंतू नाही, काही नाही, हे पाणी आठ दिवस काय, ऐंशी दिवस चालेल. ते मान डोलवायचे. छान आहे म्हणायचे. आणि विचारायचे, "पण बदललं ना?"

सरांचं मला जास्त नवल वाटायचं. त्यांना मी नळ्या दाखवल्या तर त्यांनी माझीच चूक काढली. भर दुपारी उन्हाने क्लोरीन उडतं, म्हणून पाणी सकाळी तपासायचं असतं, असं नीट समजावून सांगितलं. बरोबर होतं त्यांचं. मला एवढा आनंद झाला की इथं कोणीतरी आपल्या भाषेत बोलणारं भेटलं. मग त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "ते सगळं ठीक आहे. बदललं ना पण?"

मी व्हय म्हणालो, सर, कालच भरलं. ते निर्धास्त पाण्यात उतरले.

या सगळ्यात बायको एकदाच बोलली. एका रविवारी पोरगी दिवसभर टँकवरच थांबली होती, तिला न्यायला ती संध्याकाळी आली. मी व्हॉल्व्ह उघडून वर आलो, तर म्हणाली, "रविवारीच काहून सोडता पाणी? शनिवारी काहून न्हाई?" मी तिच्यावर डाफरलो. म्हटलं भुईमुगाला वार कळत नाही, तुला धंद्यातलं काय कळतं?  तिने पोरीचे केस पुसले आणि तिला घेऊन गेली. माझी बायको पाचवी शिकलेली आहे. मी डबी घेऊन जगाला क्लोरीन शिकवत होतो.

मे संपत आला. भुईमूग निघाला. शेंगा झाल्या, वेल गुरांना गेला, वावर नांगरून काळंभोर उघडं पडलं. त्या रविवारी सहा वाजता मी व्हॉल्व्हपाशी गेलोच नाही. म्हटलं चला, या आठवड्यापासून पाणी राहू द्यायचं. बोअरही आता धापा टाकत होतं. भागीदार गल्ला मोजून खाली आला आणि म्हणाला, "सोडलं न्हाई का अजून?"

"कशाला? भुईमूग तर निघाला."

"नाल्यात जाऊ दे."

"नाल्यात?" मी हसलोच. "गावात टँकर फिरून राहिला आणि आपण नाल्यात सोडायचं? पाणी बघ तू, काय झालंय त्याला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मस्करी करतोय का खरं बोलतोय हे त्याला कळेना. मग त्याचा चेहरा बदलला, आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "अरे, तुला ठावं न्हाई का? मला वाटलं तू समजून-उमजून करून राहिला."

"काय समजून?"

"पासवाले. पयल्याच आठवड्यात चौघं आले होते माझ्यापाशी. रविवारी सकाळी कोण पोहतं ते त्यांला कळलं. म्हणे पास वापस घ्या. मी म्हटलं, लेकरं बंद करत न्हाई, माझ्या दोस्ताची लेकरं हायेत. पाणी बदलून देतो म्हटलं. तुझ्यासाठी भांडलो मी. भुईमूग तर आपला तुला सांगायला. मला वाटलं तू वळखलं असशील, बोलायचं टाळून राहिला."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझी बाजू घेतली. आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर त्याने मला शहाणं समजलं याचा. त्याच्या हिशेबी मी सगळं जाणून दर रविवारी व्हॉल्व्ह उघडत होतो. वर बोर्ड रंगवून दिला, लाटेच्या रेघेसकट.

मी तिथंच नांगरटीच्या ढेकळावर बसलो. दहा वर्षं मी पाण्यातली घाण मोजायला शिकलो होतो. तेल मोजता येतं, घाम मोजता येतो, लघवी सुद्धा मोजता येते. माझ्या पोरीला मोजायचे थेंब कोणत्या डबीत मिळतात ते कोणी मला शिकवलं नव्हतं. आणि मी स्वतः रोज पहाटे त्याच पाण्यात छातीपर्यंत उभा राहून त्यांच्यासाठी फरश्या घासत होतो, त्याने पाण्याला काही होत नव्हतं. कामाला उतरलं की चालतं. पोहायला उतरलं की नाही चालत. सरांनी एवढं विज्ञान शिकवलं, हे एक वर्गात घ्यायचं राहिलं बहुतेक.

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं ते वाचणाऱ्याला लगेच सुचेल. मलाही सुचलं होतं. बोर्ड उपटायचा, चौघांची नावं चौकात घ्यायची, पोलीस ठाण्यात जायचं. वस्तीतली माणसं तासाभरात गोळा झाली असती. मी यातलं काही केलं नाही. माझे सगळे पैसे त्या निळ्या फरश्यांखाली होते आणि जमीन त्याच्या नावावर. भीती वाटली. राग आला होता, पण भीती जास्त वाटली, हे मी आता लपवत नाही.

"आता बोअर आठवड्याला टँक भरू शकत न्हाई," तो म्हणाला. "एकदाच भरून होईल. म्हणजे एक तर तुझी बॅच, न्हाई तर पास. तू म्हणशील तसं." खरंच असं म्हणाला, तू म्हणशील तसं. मोकळा माणूस होता.

पुढच्या रविवारी सकाळी लेकरं टॉवेल खांद्यावर टाकून गेटवर आली तेव्हा मी बाहेरच उभा होतो. सांगितलं, फिल्टर बिघडलंय. आता पुढच्या वर्षी. ती निमूट परत गेली. लेकरांना अशा गोष्टी चटकन पटतात. माझी पोरगी मात्र थांबली. "पप्पा, तुमाला दुरुस्त करता येत न्हाई?" ती म्हणाली. मला दुरुस्त करता न येणारी वस्तू जगात आहे, हे तिला नवीन होतं. मी म्हटलं, पार्ट पुण्याहून यायचाय. आत फिल्टरची मोटर घुमत होती, गेटपर्यंत ऐकू येत होती. तिने ऐकली असणारच.  घरी तिने चटईवर पाय मारणं बंद केलं.

ते मला सहन होईना. जेवताना तिच्याकडे बघवत नव्हतं. भागीदाराने माझा चेहरा ओळखला आणि चार दिवसांनी स्वतःच म्हणाला, "पोरीला आण की तू. तिला कोणी अडवलं? मंगळवारी आण, पासवाल्यांच्या वेळेला. कोण वळखतं तिला? म्हणायचं, माझ्या पाहुण्याची हाय."

नाही म्हणायला पाहिजे होतं. मी रात्रभर स्वतःला समजावलं की हे तिच्यासाठी आहे. साठ फुटांचा प्रश्न आहे, एकदा पोहून गेली की तिच्या मनातून भीती जाईल, मग कोण कोणाचं पाहुणं, कोणाला आठवतंय. बायकोला सांगितलं की फिल्टर दुरुस्त झालं. तिने टॉवेल काढून दिला.

मोटारसायकलवरून जाताना, टँक दिसायला लागल्यावर, मी गाडी बाजूला घेतली. पोरीला सांगितलं, आज आपण एक गंमत करायची. कोणी विचारलं तर म्हणायचं, मालकाच्या पाहुण्याची आहे. आणि तिथं मला पप्पा म्हणायचं नाही. काका म्हणायचं.

तिने काहून असं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी गाडी परत फिरवली असती, असं मी स्वतःला सांगत असतो. तिने फक्त मान हलवली आणि पुन्हा मागे बसली.

टँकवर पासवाल्यांची पंचवीस-तीस माणसं होती. सर कठड्यावर बसून पाय पाण्यात हलवत होते. पोरगी शिडीवरून हळूच उतरली, कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिली. मी समोरच्या टोकाला ब्रश घेऊन.

"कोणाची गं तू?" सरांनी विचारलं. प्रेमानेच विचारलं.

"मालकाच्या पाहुण्याची."

"कोणतं गाव?"

हे आम्ही ठरवलं नव्हतं. माझ्या हातातला ब्रश थांबला.

"हट्टा," ती म्हणाली. हट्ट्याला आमचं कोणी नाही. एवढ्या झटकन खोटं बोलायला ती कुठं शिकली, हा प्रश्न निदान मला तरी पडायला नको होता.

"वा. येतं का पोहायला?"

तिने भिंतीला पाय लावले आणि निघाली. पहिले वीस फूट तिने जोरात हात मारले, मी शिकवलं होतं तसे नाही, पण मारले. मधोमध दमली. तोंड वर काढलं, पाणी गिळलं, पुन्हा घातलं. खोल पाण्यापाशी तळाचा निळा रंग गडद होतो, तिथं ती नेहमी थबकायची. तिथं थबकली नाही. माझे पाय आपोआप पाण्याच्या कडेला गेले होते, आणि मी उडी मारायची नाही असं स्वतःला बजावत होतो, कारण पाहुण्याच्या पोरीसाठी ब्रशवाला एवढा घाबरत नाही. सर उभे राहिले. "शाब्बास, शाब्बास, थोडंच राहिलं," म्हणाले. आणखी कोणी कोणी थांबून बघायला लागलं. तिचा हात माझ्या पायाजवळच्या कठड्याला लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी पाणी बदलायला लावलं होतं त्यांनीही वाजवल्या, मनापासून. मीही वाजवल्या, दुसऱ्याच्या पोरीसाठी वाजवाव्यात तेवढ्याच.

तिला दम लागला होता. कठड्याला दोन्ही हातांनी धरून तिने डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वर बघून विचारलं, "काका, आलं का मला?"

"आलं," मी म्हणालो, आणि ब्रश उचलून दुसऱ्या टोकाला गेलो.